दानात आलेल्या दोन टाक्या

आमच्या भागात एक दानशूर साहेब आहेत. त्यांनी दिलेली वस्तू लांबूनच ओळखू येते, कारण वस्तूपेक्षा नाव मोठं असतं. बसथांब्याचं बाकडं, शाळेतला पाण्याचा माठ, एवढंच काय, मयत न्यायच्या स्वर्गरथावरही यांचाच हसरा फोटो. मेलेल्या माणसाची सुटका नाही, तिथे आमची कुठून होणार?

या साहेबांनी आमच्या धरणावरच्या शोधपथकाला पाण्याखाली श्वास घ्यायच्या हवेच्या दोन टाक्या दिल्या. पथक म्हणजे काय, तर धरणात मासे मारणारे चार-पाच गडी. कोणी बुडालं की पोलीस यांनाच बोलावतात. माझा धाकटा भाऊ त्यांच्यातलाच. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवलं. दम धरून बुडी मारायची, गाळात हाताने चाचपायचं, पुन्हा वर यायचं, असं तो वर्षानुवर्षं करत आला. काठावर बसलेल्या नातेवाइकांची तोंडं त्याला पाहवत नसत. म्हणून टाक्या आल्या तेव्हा तो पोळ्याचा बैल पुसावा तसा त्या पुसत बसला होता.

टाक्या होत्या ॲल्युमिनियमच्या, जुन्यापुराण्या. समुद्रकाठच्या कुठल्याशा बोटिंगवाल्याने मोडीत काढलेल्या. साहेबांनी त्या लोखंडी कपाटं बनवणाऱ्याच्या भट्टीत घालून झगझगीत पिवळा रंग भाजून घेतला. बनवल्याचं साल, तपासणीच्या खुणा, टाकीच्या खांद्यावर कोरलेलं होतं नव्हतं ते सगळं रंगाखाली गाडलं गेलं. वर नाव मात्र ठसठशीत.

पथकवाल्यांनी त्या भरायला नागपूरला नेल्या. तिथल्या भरणाऱ्याने खांद्यावरचा रंग खरवडला, वरची तोटी काढून आत बॅटरी मारली आणि हात जोडले. भावाने घरी येऊन मला सगळं सांगितलं. जुन्या काळी एका जातीच्या ॲल्युमिनियमच्या टाक्या बनत. त्या भरून ठेवल्या की नुसत्या हवेच्या दाबाने गळ्यातल्या आट्यांमध्ये तडा जातो आणि वर्षानुवर्षं वाढत राहतो. बाहेरून टाकी नवरीसारखी दिसते. फुटते ती बहुतेक भरताना, म्हणजे भरणारा शेजारी असताना. त्यात यांनी ती भट्टीत भाजलेली, उरलासुरला जोरही गेला.

साहेबांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, धर्माच्या गाईचे दात मोजत नसतात. आणि कुठून तरी जुना कॉम्प्रेसर आणून धरणाजवळच्या शेडमध्ये बसवला. टाकी भरायचं काम माझ्या भावाकडे. पथकातले बाकीचे खाली मान घालून म्हणत, साहेब नाराज होतील. वा रे वा! माणूस फुटला तर चालेल, साहेबांचं तोंड उतरायला नको!

मी भावाला बजावलं, तू त्या टाकीला हात लावायचा नाही. तो जेवता जेवता थांबला.

"ताई, मी नाही भरली तं दुसरा कोणी भरन. त्याले तं कोणी सांगनार बी नाही."

उद्घाटनाच्या दिवशी मी माझी पिठाची गिरणी बंद केली आणि केसांतल्या पिठासकट शेडवर गेले. टाकीला हळद-कुंकू, हार, पुढे नारळ. भावाने नळी जोडली होती. साहेब दोन पावलं मागे, फोटोवाला पुढे. मी म्हटलं, साहेब, टाकी भरेपर्यंत तिच्यावर हात ठेवून उभे राहा, फोटो झकास येईल. फोटोवाला खूश. साहेबांनीही हसून हात ठेवला.

"तसा नाही, गळ्यावर ठेवा," मी म्हटलं. "नागपूरवाला म्हणे, तिथूनच फुटते."

तव्याला बोट लागावं तसा तो हात मागे आला. मग खिशातून फोन निघाला. वाजलेला कोणी ऐकला नाही, पण महागावच्या बाजारात यांचं काम मात्र एकदम अर्जंट निघालं. गाडीत बसताना म्हणतात कसे, तुम्ही चालू द्या. भावाने धूळ उडवत गेलेल्या गाडीकडे पाहिलं आणि नळी काढून टाकली.

ती टाकी आम्ही वेल्डिंगवाल्याकडे नेली आणि गळ्यातून उभी चिरली. आट्यांमधून केसासारखी काळी रेघ खाली उतरली होती. भावाने तिच्यावर नख फिरवलं, ते अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच अडकलं. मी त्याला जवळ घेतलं आणि वर चार शिव्याही दिल्या.

दुसरी टाकी चिरायला शेडवर गेलो तर ती गायब, कॉम्प्रेसरही गायब. साहेबांचा माणूस गाडीत घालून घेऊन गेला, असं कळलं. पुढे मोबाइलवर फोटो आला. कळंबकडचं एक गाव, तलावाचा काठ, हार, नारळ आणि आमचीच टाकी, आता निळ्या रंगात. साहेबांचं हसू तेच, नाव आणखी मोठं. मी तिथल्या सरपंचाला फोन लावून सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्याने, आणि शेवटी म्हणाला, बाई, धर्माच्या गाईचे दात कायले मोजता? एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लावलं, चिरलेला गळा कापडी पिशवीत घातला आणि आम्ही दोघं एसटीत बसलो. गावात उतरल्यावर भाऊ सरपंचाचं घर विचारायला लागला. मी त्याला गप्प केलं. टपरीवाल्याला एवढंच विचारलं, तुमच्या इथे टाकी कोण भरते, अन् त्याच्या घरी आई, बहीण, बायको, कोण आहे?