दुखवट्याचा महिना

दादासो कोळेकर आमच्या रुग्णालयात प्लास्टर घालतो. डॉक्टरांनी मोडलेलं हाड जागेवर बसवलं की पुढचं काम त्याचं. कापूस गुंडाळायचा, पट्टी पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की काढून हलकी पिळायची आणि तळहाताने चोळत बसवायची. हे त्याला कोणत्या शाळेने शिकवलं नाही. कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका वाडीतून तो एकोणिसाव्या वर्षी मिरजेला आला आणि झाडलोटीच्या कामावर लागला. वडिलांची मेंढरं होती. कोकराचा पाय मोडला की वडील कामट्या बांधून तो सरळ करत, एवढं त्याने पाहिलेलं होतं. आमचे जुने प्लास्टरवाले थकले तेव्हा त्यांनी याला हाताशी घेतलं, आणि पुढे ती खोली याचीच झाली. आता त्याचं वय अठ्ठेचाळीस.

मी त्याच रुग्णालयाच्या हिशेब विभागात तेहेतीस वर्षं आहे. येत्या मार्चला निवृत्त होईन. दादासोइतका तारखेला जपणारा दुसरा माणूस मी या इमारतीत पाहिला नाही. प्लास्टर ओलं असतानाच त्यावर तो काढण्याची तारीख लिहितो. त्या तारखेच्या आधी वा नंतर कोणी आलं तर बोलणी खावी लागतात. एकदा कुपवाडची एक म्हातारी दोन दिवस उशिरा आली. तो म्हणाला, "आवं आजी, मी मंगळवार ल्हिला हुता, तुमी गुरुवारी उगवलाय." म्हातारी म्हणाली, "मंगळवारी जावई आला हुता. तुझ्या पिलास्टरला पळून जायला पाय हायती व्हय रं?" सगळी रांग हसली. दादासो हसला नाही. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

त्याला एकच मुलगी, अपेक्षा. शाळा सुटली की ती बापाच्या खोलीत येऊन बसायची. प्लास्टर कापल्यावर आतून बारीक झालेला, न वाकणारा हात निघतो, तो बघायची. मग त्या पेशंटच्या मागोमाग वरच्या मजल्यावर जायची, जिथे फिजिओथेरपीवाल्या बाई तो हात हळूहळू पुन्हा चालता करत. दहावीतच तिने ठरवलं की हेच शिकायचं. दादासो सगळ्यांना सांगायचा, "आमी बांधून ठेवायचं, तिनं सोडवायचं." यापेक्षा मोठी इच्छा मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नाही.

२०१८ साली त्याने मालगाव रस्त्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. बायकोचे, राजेश्वरीचे, दागिने मोडून सुरुवातीचे पैसे भरले आणि बाकीसाठी बँकेचं साडेबारा लाखांचं गृहकर्ज काढलं. हप्ता अकरा हजार दोनशे, वीस वर्षं, दर महिन्याच्या पाच तारखेला. पगार खात्यातून परस्पर कापून घेण्याची सोय होती, ती त्याने नाकारली. पैसे हाताने दिल्याशिवाय दिल्यासारखे वाटत नाहीत, असं त्याचं म्हणणं. एक तारखेला पगार झाला की तीन किंवा चार तारखेला तो बँकेच्या रांगेत उभा राही आणि पावती आणून मी दिलेल्या फायलीत लावी.

कर्जाच्या अर्जावर त्याने तेव्हाचा मोबाइल नंबर लिहिला होता. वर्षभराने तो फोन, आतल्या कार्डासकट, त्याने गावी आईला, धोंडुबाईंना, नेऊन दिला. त्यांना त्यातलं एकच बटण दाबता येई. स्वतःला नवा फोन आणि नवा नंबर घेतला. बँकेला नंबर कळवायचा असतो हे त्याच्या डोक्यात आलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता आमच्या भिशीबद्दल सांगायला हवं. रुग्णालयातल्या आम्हा वीस जणांची भिशी आहे. प्रत्येकी दोन हजार. वही माझ्याकडे असते. तिच्यात एक रिवाज आहे, माझ्याही आधीपासूनचा. ज्याच्या घरी माणूस जातं त्याच्याकडे त्या महिन्याचे पैसे मागत नाहीत. त्याचा तो हप्ता सगळ्यात शेवटी घेतात. आम्ही त्याला दुखवट्याचा महिना म्हणतो. दादासोच्या वाडीतल्या भिशीतही तसंच चालतं. त्याला हा नियम वाटतच नव्हता. माणसं अशीच वागतात, एवढंच त्याला ठाऊक होतं.

२०२२च्या जानेवारी अखेरीस धोंडुबाई वारल्या. दवाखान्याचा आणि दिवसांचा खर्च होऊन हातात काही उरलं नाही. तरी पाच तारीख चुकणार हे बँकेला आधी सांगायला हवं म्हणून तो दिवसांतच गावाहून एसटीने मिरजेला आला. डोक्याचं मुंडण नुकतंच झालेलं. खिडकीवरच्या वयस्कर कारकुनाला त्याने सांगितलं की आई गेली, या महिन्याचं जमणार नाही. त्या माणसाने त्याच्या डोक्याकडे बघितलं आणि म्हणाला, "असू दे, मामा. नंतर बघू."

तेवढं ऐकून तो माझ्याकडे आला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. "बँकेनंबी दुखवटा धरला, भाऊसाहेब. लय चांगली माणसं हायती."

मी पगारपत्रकाच्या बेरजा करत होतो. वाणिज्य शाखेची पदवी आणि तीस वर्षांचं काम पाठीशी असताना, लिहून घे, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, बरं झालं.

मार्चपासून तो पुन्हा रांगेत उभा राहू लागला. दर महिन्याला अकरा हजार दोनशे, चार तारखेच्या आत. एकही महिना चुकला नाही.

यंदा जुलैमध्ये अपेक्षाला बेळगावच्या एका कॉलेजात फिजिओथेरपीला जागा मिळाली. आपल्या राज्यातल्या प्रवेशफेऱ्यांत तिचा नंबर थोडक्यात हुकला होता. कॉलेज राज्याबाहेरचं, म्हणून फीची सवलत नाही. पहिल्या वर्षाला फी आणि वसतिगृह धरून दोन लाख साठ हजार. आठ ऑगस्टपर्यंत भरले नाहीत तर जागा पुढच्या मुलीला जाणार. शैक्षणिक कर्ज काढायचं ठरलं, आणि दादासोला त्याची काळजीच नव्हती. सात वर्षं हप्ता भरणाऱ्या माणसाला ती बँक नाही कशाला म्हणेल, असं तो म्हणाला. फॉर्म इंग्रजीत असतात म्हणून त्याने मला बरोबर घेतलं. अपेक्षाही आली, नवा ड्रेस घालून.

शाखेचे मॅनेजर नांदेडकडचे, तरुण, बोलायला सभ्य. चहा मागवला, मुलीचे गुण बघून शाबासकी दिली. मुलीच्या कर्जात बाप सहकर्जदार असतो, म्हणून त्यांनी दादासोची कर्जफेडीची नोंद संगणकावर उघडली. मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

पडद्यावर छत्तीस महिन्यांचे छत्तीस चौकोन होते. ज्याची फेड वेळेवर त्याच्या चौकोनात शून्य असतं. दादासोच्या प्रत्येक चौकोनात आकडा होता. पंचवीस, सव्वीस, पंचवीस, सव्वीस. फेब्रुवारीत तेवीस किंवा चोवीस. इतके दिवस थकीत, असा त्याचा अर्थ. वर कर्जफेडीचे गुण, म्हणजे सिबिल स्कोअर, लिहिले होते. बँकेला निदान सातशे लागतात, याचे पाचशे एक्याण्णव होते.

मला ते उलगडायला दोन मिनिटं लागली. बँकेने दुखवटा धरलेला नव्हता. फेब्रुवारी २०२२चा हप्ता तसाच बाकी होता. मार्चमध्ये दादासोने भरलेले पैसे यंत्राने आधी त्या जुन्या बाकीत जमा केले, म्हणून मार्चचा हप्ता बाकी राहिला. एप्रिलचे पैसे मार्चला गेले. असं एकेचाळीस महिने. तो दर महिन्याला वेळेवर भरत होता आणि दर महिनाअखेरीला पंचवीस-सव्वीस दिवसांचा थकबाकीदार म्हणून सगळ्या बँका बघतात त्या नोंदीत चढत होता. आठवणीचे सगळे संदेश त्या जुन्या नंबरवर गेले. धोंडुबाई गेल्यावर तो फोन कोणी चार्जसुद्धा केला नव्हता.

हे मी त्याला मराठीत, सावकाश सांगितलं. त्याने फायलीतल्या पावत्या काढून टेबलावर मांडायला सुरुवात केली. मॅनेजर म्हणाले, पावत्या खऱ्या आहेत, त्याबद्दल शंका नाही. दादासोचे हात थांबले.

"सायेब, मी तारीख चुकवली न्हाई. एकदाबी न्हाई."

"मामा, तो एक हप्ता राहिला ना."

"त्यो आईचा म्हैना हुता," दादासो म्हणाला. "मेलेल्या माणसाचा म्हैना मोजत्यात व्हय?"

मॅनेजरांनी पावत्या गोळा करून फायलीत परत लावल्या. माणूस वाईट नव्हता. पण तो प्रश्न भरायला त्यांच्याकडे रकाना नव्हता.

राहिलेला हप्ता आणि दंड त्याच दिवशी भरला. मी उसने दिले. मॅनेजर म्हणाले, यापुढच्या महिन्यापासून शून्य येईल, गुण हळूहळू चढतील, वर्ष-दीड वर्षाने या. मागचे चौकोन मात्र पुसता येत नाहीत. आठ ऑगस्टला अकरा दिवस उरले होते.

त्या अकरा दिवसांत जे करता येण्यासारखं होतं ते आम्ही केलं. नोंद दुरुस्त करावी म्हणून मी अर्ज लिहिला. बँकेकडून कळवलं गेलं की नोंद वस्तुस्थितीला धरून आहे, आणि ती होतीच. खिडकीवरचा तो कारकून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. मी त्याचा पत्ता काढून सांगलीला त्याच्या घरी गेलो. त्याला दादासो आठवला नाही. मुंडण केलेली माणसं पुष्कळ येतात, तो म्हणाला, सगळ्यांनाच मी असू दे म्हणायचो, दुसरं काय म्हणणार. दुसऱ्या दोन बँकांत गेलो. तिथेही नाव टाकताच तेच छत्तीस चौकोन उघडले. सहकर्जदार म्हणून मी उभा राहतो म्हणालो, तर माझी नोकरी आठ महिनेच उरलेली. दादासोचा भाऊ अर्जुना वाडीहून आला. तो सही करायला तयार होता, पण मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाकडे उत्पन्नाचा दाखला कुठला. अर्जुनाने वीस मेंढरं विकायची तयारी दाखवली. भिशीतल्या लोकांनी त्या महिन्याची रक्कम दादासोला देऊ केली. सगळं मिळून दीड लाखाच्या पुढे जाईना.

पाच तारखेला अपेक्षा माझ्या टेबलाशी आली. एकटीच. तिने एका कागदावर चार वर्षांचा आणि वरच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचा खर्च मांडला होता, नीट रकाने पाडून. म्हणाली की काका, पहिल्या वर्षाचे उरलेले उसनेपासने करून कसेबसे जमवले तरी दुसऱ्या वर्षी कर्ज मिळणार नाही, आणि मध्येच सोडावं लागलं तर चुलत्याची मेंढरंही जातील. बाबांना तुम्ही सांगा. माझ्याने होणार नाही.

मी कागद दोनदा तपासला. चूक निघाली असती तर बरं झालं असतं. बेरीज बरोबर होती.

मी प्लास्टरच्या खोलीत गेलो. तिथे एका लहान मुलीचं प्लास्टर कापायचं होतं आणि ती यंत्राच्या आवाजाने रडत होती. दादासोने चालू यंत्र स्वतःच्या तळहाताला लावून दाखवलं, बघ, कातडीला काही होत नाही. मुलगी गेल्यावर मी त्याला सांगितलं. तो खाली पडलेले तुकडे गोळा करत राहिला. मग म्हणाला, "तिनं सोता हिशेब केला?" मी हो म्हणालो. "म्हंजे बरूबरच आसंल," तो म्हणाला.

आठ तारीख गेली. अपेक्षाने सांगलीत बी.एस्सी.ला नाव घातलं आणि दुपारनंतर ती एका औषधांच्या दुकानात कामाला जाते. घरात तो विषय निघत नाही. राजेश्वरी एकदाच म्हणाली की तुमी त्या बँकेवर उगाच जीव टाकला. दादासोने मला सांगितलं की बायकोचं बोलणं सोसवतं. "पोरगी चिडत न्हाई, भाऊसाहेब. ताट वाढती, पाणी देती. रात बारापातूर भांडली असती तर मी ऐकून घेतलं असतं." पेशंट उशिरा आले तरी आता तो काही बोलत नाही. तारीख लिहितो, पण एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

हप्ता भरणं चालू आहे. मागच्या आठवड्यात तो माझ्याकडे आला आणि ते चौकोन कधी जातात असं विचारू लागला. मी त्याला समजावलं की छत्तीसच दिसतात. दर महिन्याला एक नवा येतो आणि एक जुना मागे पडतो. शून्यं येत राहिली तर तीन वर्षांनी सगळे जुने दिसेनासे होतील.

तो उभ्याउभ्याच बोटांवर मोजू लागला. वर्षं मोजत होता की इयत्ता, ते आधी मला कळलं नाही.

"म्हंजे तवा ती चौथ्या वर्साला आसती," तो म्हणाला.

मी हो म्हणालो.