नावेची घागर

मी भुताखेतांच्या अनुभवांच्या या पेजवर फक्त वाचते, लिहीत नाही. वाचतानाही मनात कारणंच शोधत असते... लो बीपी, ऊन, कुणाची तरी मस्करी. हे मात्र माझ्यासमोर घडलं आणि मला कारण सापडलेलं नाही.

आम्ही जळगावला राहतो. मामांचं गाव सावद्याच्या पुढे, तापीवरच्या धरणाच्या फुगवट्याला लागून. उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळातून एका मोठ्या लाकडी नावेच्या फासळ्या वर येतात. इंग्रजांच्या काळात ती कापसाच्या गाठी पलीकडे न्यायची. एका पुरात उलटली. काठावरच्यांनी दोर टाकले ते गाठींना — माणसं तशीच गेली. दोर ओढणाऱ्यांत मामांचे पणजोबा होते, असं गावात म्हणतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांसाठी पाण्याची घागर भरतात. मामांच्या घरी एक घागर जास्त असते, नावेवरच्यांची. मामी ती काठावर नेऊन ठेवते.

त्या वर्षी प्राचीताईची, म्हणजे मामांच्या मुलीची, लग्नानंतरची पहिली आखाजी होती. आखाजीला माहेरवाशिणी झोका खेळतात; तिच्या झोक्यासाठी मामांनी नावेचीच एक फळी कापून आणली. सागवान, अजून टणक.

मामी म्हणाली, "आधी घागर ठिवून येऊ द्या. मंग बसवा पोरीले."

"पान्यात बुडाले त्याहिले पानी कायले?" मामा हसले. "लय पेले ते. यंदा राहू दे."

भरलेली घागर ओट्यावरच राहिली. मामी सारखी तिच्याकडे बघत होती.

अंगणातल्या निंबाला झोका होता. भर दुपार, बायकांची गाणी चाललेली. ताईने तीन-चार झोके घेतले आणि तिचं गाणं मधेच तुटलं. झोका खाली आला तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. तिने तोंड उघडलं आणि त्यातून पाणी आलं. गढूळ, गाळाचं... येतच राहिलं. मामा तिला खाली ओढत होते, पण दोरावरची तिची बोटं सुटेनात.

"प्राची, सोड ना वं... श्वास घे, माय," मामा ओरडत होते.

मामी लेकीकडे गेलीच नाही. तिने ओट्यावरची घागर उचलली आणि काठाकडे पळाली. काठ अंगणातून दिसतो. तिने घागर गाळात टेकवली आणि इकडे ताईची बोटं सुटली. ती खोकली, रडायला लागली.

सावद्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. फुप्फुसं क्लिअर.

मामांनी संध्याकाळी फळी परत नेऊन नावेपाशी ठेवली, हात जोडले. घरी येऊन माठातलं पाणी तोंडाला लावलं आणि थुंकलं.

"गाळ हाये याच्यात."

आम्ही सगळ्यांनी ते पाणी पिऊन बघितलं. स्वच्छ होतं.

तेव्हापासून मामांना साधं पाणी पिता येत नाही. चहा चालतो, ताक चालतं. पाणी कुठलंही असो, बिसलेरीचंसुद्धा, त्यांच्या तोंडात गाळ होतं. जळगावला सगळ्या टेस्ट झाल्या. नॉर्मल. घरात आम्ही त्याला आजार म्हणतो.

आता आखाजीला नावेची घागर मामा स्वतः नेतात. तिच्यातला पहिला घोट त्यांना गोड लागतो. वर्षातून तेवढाच.

या आखाजीला मी सोबत गेले होते. घोट घेतल्यावर ते फासळ्यांकडे वळले. मग हळूच म्हणाले, "अजून एक द्या, बापहो."

पाणी शांत होतं. त्यांनी घागरीतल्या पाण्याची ओंजळ पुन्हा तोंडाला लावली... आणि थुंकली.