गिअरचा झटका

भनपुरीत गॅरेज टाकलं तेव्हा वाटलं, ऑइलचे रिकामे डबे जमतील. जमून राहिले किस्से! तसं काम साधं. ऑटोमॅटिक गाडीनं गिअर कधी बदलायचा, अलगद की जोरात, हे माझा पार्टनर मिलिंद ट्यूनर जोडून लॅपटॉपवर ठरवतो. गाडी ऐकते. गिऱ्हाईक ऐकत नाही!

*

एक ठेकेदार वहिनींले घेऊन आले. मिलिंदनं गिअर असे लोण्यासारखे करून दिले, की बदलले तरी समजू नये. चक्कर मारून आले तर नाराज.

"झटका काहून नाही लागत?"

"भाऊ, झटका काढाले तर लोक येतात!"

"मंग शेजारच्याले कसं समजन, मी गाडीत काही करून घेतलं म्हणून?"

दिला टाकून झटका. निघताना वहिनींच्या हातातला उसाचा रस साडीवर. ठेकेदार खूश! "आता बरोबर!"

*

मग एक मोठे साहेब. पुण्याहून बदलून आलेले. तक्रार काय, तर "गाडी मला न विचारता गिअर बदलते!"

मिलिंदनं मॅन्युअल मोड असा सेट केला, की साहेबांनी इशारा दिल्याशिवाय वरचा गिअर पडणारच नाही. ट्रायलला मी बाजूला बसलो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन बोंबलून राहिलं.

"साहेब, गिअर!"

"थांबा हो. विचार सुरू आहे."

पार पुढचं सिलतरा गाव आलं, तरी विचार सुरूच!

*

एका पुढारी भैयाले इलेक्शनच्या तोंडावर स्पोर्टी गाडी पाहिजे होती. मिलिंदनं जीव ओतून काम केलं. नंतर भेटले तेव्हा विचारलं, "कशी पळते?"

"क्या बताएँ यार! आगे ढोल, पीछे जुलूस. पूरा चुनाव फर्स्ट गियर में निकल गया!"

*

आणि खुद्द मिलिंद! त्याच्या स्वतःच्या गाडीचे गिअर इतके कडक, की बसणाऱ्याची मान पुढे यायची. पोट्टी पाहाचा कार्यक्रम झाला. प्राची. तिनं विचार कराले वेळ मागितला. मग तिले आणि तिच्या बाबांले गोल बाजारला सोडाले आम्ही त्याच गाडीत निघालो. मिलिंद स्टेअरिंगवर, मी त्याच्या बाजूला, ते दोघं मागे.

सिग्नलवर बाबांनी हळूच विचारलं, "बेटा, पसंत हाय का पोट्टा? नुसती मान हलव."

सिग्नल हिरवा झाला. सेकंड पडला. प्राचीची मान खाली!

"जमलं!" बाबा ओरडले. मिलिंदनं खुशीत अजून दाबली. थर्ड!

"दोनदा हो म्हणाली!"

"बाबा, मैंने कुछ नहीं बोला! गाड़ी ने गियर डाला!" असं म्हणता म्हणता तिलेच हसू आवरेना. पुढं काही महिने दोघं भेटत राहिले, आणि मग ती खरंच हो म्हणाली. लग्नानंतर पहिलं काम काय केलं, तर मिलिंदले ते गिअर मऊ कराले लावले.

परवा ती गाडी घेऊन एकटीच गॅरेजवर आली. मिलिंद नाही असं पाहून मले म्हणते,

"भैया, वो पुरानी वाली सेटिंग डाल दो ना. आज इनसे कुछ पूछना है."