आप्पा साळव्यांची शाखा

दौंडहून शिरूरला जाणाऱ्या एसटीत जागा मिळाली, की आप्पा साळवे स्वतः उभे राहायचे आणि झाडाला बसवायचे. उथळ कुंडीतली वीतभर उंचीची चिंच खिडकीशी बसलेली, आणि शेजारी दांडी धरून उभे पांढऱ्या सदऱ्यातले आप्पा. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं. कंडक्टरने विचारलं, "आप्पा, ह्याचं हाफ फाडू का फुल?"

"उंचीवर जाऊ नका, मास्तर. वयानं तुमच्यापेक्षा थोरलं हाय ते. ज्येष्ठ नागरिकाची सवलत लावा."

सगळी गाडी हसली. मी खाली बघत राहिले. अनोळखी माणसांत हसायला मला जमत नसे. माझ्या मांडीवर इंग्रजी पुस्तक होतं, ते आप्पांनी पाहिलं. "कुणाची गं तू?" मी वडिलांचं नाव आणि ते रांजणगावच्या कंपनीत असल्याचं सांगितलं. "म्हंजी इंग्रजी लिहिता येतं. रविवारी ये. हेडऑफिसला उत्तर द्यायचंय." मला यायचं आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही 'नाही' म्हणाले नाही.

हेडऑफिस म्हणजे एका आंतरराष्ट्रीय बोन्साय संघटनेचं परदेशातलं कार्यालय. आप्पा मालगाडीवर गार्ड असताना बदली होऊन गेलेल्या एका रेल्वे अधिकाऱ्याने दोन कुंड्या आणि संघटनेचं मासिक त्यांच्या ओट्यावर ठेवलं होतं. त्यातून आप्पांनी नव्वदच्या दशकात शिरूर-दौंड शाखा उभी केली. एक बैठक दौंडला, पुढची शिरूरला. रेल्वे कॉलनीतले फिटर, शिरूरचे शिक्षक, कारेगावात खोल्या घेऊन राहणारी कंपनीतली मुलं, पाबळकडचे दोघे-तिघे, अशी सभासदांची जत्रा होती.

लोकांचा पहिला आक्षेप ठरलेला असे. बुटकं झाड घरात ठेवलं की घराची वाढ खुंटते. आप्पा वाद घालत नसत. ते आपल्या मुलाला हाक मारत. तो आतून वाकून बाहेर येई, कारण सरळ आला तर त्याचं डोकं चौकटीला लागायचं. "हे आमचं खुंटलेलं," आप्पा म्हणत. "बसा, चहा घ्या."

खरं सांगायचं तर आप्पांची स्वतःची झाडं बेताचीच होती. फांदीला वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार वेळेवर काढावी लागते, नाहीतर ती सालीत रुतते. आप्पा ती काढायला विसरत, कारण ते कुठल्यातरी सभासदाच्या घरी कुंडी बदलायला गेलेले असत. "आप्पा, झाडाला फाशी दिली का काय?" फिटर मंडळी विचारत. "न्हाई, जन्मठेप," आप्पा सांगत. झाडाच्या बाबतीत ते धाडसी होते, माणसांच्या बाबतीत अतिशय जपून. बैठकीला न येणाऱ्या कुणाचं नाव कमी करायचा विषय निघाला, की त्यांचं एकच वाक्य असे: "छाटलेली फांदी फुटती. छाटलेलं माणूस फुटत न्हाई."

पण दौंड हे बदल्यांचं गाव. सभासद तयार होई आणि त्याची ऑर्डर निघे. आप्पा त्याला स्टेशनवर एक कुंडी देत आणि बजावत, "तिथं एकटा करू नको. दुसरा गाठ." मनमाडला, भुसावळला अशी चार-चार माणसांची मंडळं निघाली. संघटना वाढत होती आणि तिला वाढवणारी आमची शाखा बारीक होत होती. दोन हजार सालानंतर हेडऑफिसचा नियम आला: लहान शाखांनी जवळच्या शहरातल्या शाखेत सामील व्हावं. हेडऑफिसच्या एक बाई महाराष्ट्रात येणार होत्या. आमचं वार्षिक प्रदर्शन बघून त्या ठरवणार, शिरूर-दौंड राहणार की पुण्यात जाणार. आप्पा त्या दिवसापासून चहात साखर टाकायला विसरू लागले. त्यांना किती लागलंय ते एवढ्यावरूनच आम्हाला कळलं.

बाईंनी जूनमधली तारीख कळवली. मी होकार लिहिला. शिरूरचं मंगल कार्यालय ठरलं. गर्दी दिसावी म्हणून आप्पांनी दोन दिवस रिक्षा फिरवली. भोंग्यावर त्यांचाच आवाज: "माता-भगिनींनो, टेबलावर मावणारा वड बघायला या!" तो वड देशमुख सरांचा. सर कॉलेजात शिकवत आणि शाखेचे चिटणीस होते.

त्या दिवशी वटपौर्णिमा होती. हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. बायका पूजायच्या तो गावातला मोठा वड रस्ता रुंद करताना तोडलेला, आणि त्यात आप्पांची रिक्षा. सकाळी दार उघडलं तर बाहेर नऊवारी, सहावारी, ताटं, आंबे, दोऱ्याची रिळं.

"आप्पा, हे कार्यालय आहे, पार नव्हे!" देशमुख सर वडासमोर हात पसरून उभे राहिले. "बाई येतायत. झाडाला कुणी हात लावायचा नाही, असा नियम आहे. हळदीकुंकू लागलं तर गेली आपली शाखा!"

"सर, वर्षभर आपण रडतोय, माणसं येत न्हाईत म्हणून. आता आली तर हाकलू?"

"तुम्ही तरी हे मानता का?"

"मी न्हाई मानत. माझ्या घरी पिंपळ हाय, बोधिवृक्ष. त्यालाबी मी दोरा बांधत न्हाई. पर दारात आलेल्याला आत घेतो." मग ते बायकांकडे वळले. "आयाबायांनो, झाडाला आधीच तारेचा जाच हाय. दोरा टेबलाला गुंडाळा. हळदकुंकू टेबलाच्या पायाला. फांदी तोडायची न्हाई."

"टेबलाला गुंडाळून सात जन्म तोच नवरा मिळायचा का, आप्पा?" मागून कुणीतरी विचारलं.

"टेबलासारखा मिळंल. गप बसणारा."

हशा पिकला आणि फेऱ्या सुरू झाल्या. परदेशी बाई आल्या तेव्हा टेबलाचे पाय दोऱ्याने पांढरे झाले होते आणि वडाच्या पानाला कुणाचं बोटही लागलं नव्हतं. कारेगावच्या शेवंताबाई, शेवंतीचीच शेती करणाऱ्या, कुंडीत डोकावून आप्पांना विचारत होत्या, "हे बारीक कसं राह्यलं? उपाशी ठेवलं व्हय?" आप्पा मुळं कशी कापायची ते सांगत होते. बायका ताटं खाली ठेवून ऐकत बसल्या. कलमं बांधणारे हात होते ते, त्यांना सगळं समजत होतं.

बाईंनी मला विचारलं, या सगळ्या सभासद आहेत का?

"म्हणावं, सकाळी नव्हत्या. आता हायेत," आप्पा म्हणाले.

बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, गर्दी छान आहे, पण शहराच्या शाखेत तज्ज्ञ आहेत, शिबिरं आहेत. तुमच्या लोकांचा त्यातच फायदा आहे. आप्पांनी ते नीट ऐकून घेतलं.

"त्यांचं चूक न्हाई. पर शेवंताबाई संध्याकाळची धार सोडून पुण्याला जाणार न्हाईत. फिटरची ड्यूटी कवा लागंल त्याला म्हाईत न्हाई. ही माणसं इथंच येतील. त्यांना सांग, नाव ठेवायचं तर ठेवा, काढायचं तर काढा. रविवारी मीटिंग हाय."

मी नेहमी आप्पांचं बोलणं थोडं मऊ करून इंग्रजीत सांगत असे. त्या दिवशी जसंच्या तसं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असावा, कारण तिथली फिटर मंडळी वळून बघू लागली. बाईंनी वही उघडली. मग त्यांनी विचारलं, रविवारी किती वाजता?

त्या रविवारी बाई आल्या नाहीत, त्यांचं विमान होतं. शेवंताबाई मात्र जावेला घेऊन आल्या. पावसाळा संपता संपता हेडऑफिसचं उत्तर आलं. शाखा राहिली. मी ते दौंडला आप्पांच्या ओट्यावर मोठ्याने वाचलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं, नावाजवळ थांबवलं आणि म्हणाले, "शिरूर-दौंड. तिकडचं माणूस कसं म्हणत आसंल गं हे?"

पुढे काही वर्षांनी, एका शुक्रवारी दुपारी आप्पा झोपेतच गेले. रविवारी बैठक होती, पाळी दौंडची. देशमुख सर आणि मी मावशींना, म्हणजे आप्पांच्या पत्नीला, भेटायला गेलो. बैठक पुढे ढकलतो, असं सर चाचरत म्हणाले.

मावशींनी डोळे पुसले. "ढकलू नका, सर. ह्यांचा काही नेम न्हाई. मीटिंग बंद हाय म्हणून कळलं तर उठून येतील, आन् मला बोलतील."

रविवारी बैठक झाली. ओटा पुरला नाही, म्हणून आम्ही अंगणात बसलो.