साडूंचं कानडी

आमच्या साडूंना जगातली एकही भाषा धड येत नाही, आणि जगातल्या एकाही भाषेवाचून त्यांचं काडीइतकं अडत नाही. कवठे महांकाळचे हे गृहस्थ ऐन उमेदीची वर्षं पलटणीत होते. तिथून येताना पेन्शनीबरोबर पंजाबी, तमिळ, गढवाली असे मूठमूठ शब्द घेऊन आले आणि तेव्हापासून हाताला येईल तो शब्द समोरच्यावर टाकत असतात. शब्द आठवला नाही तर त्या जागी 'सामान' म्हणायचं आणि हात हलवायचा. आमच्याकडे फरशी बसवायला राजस्थानी मिस्त्री आला होता. मी त्याला दोन दिवस शुद्ध हिंदीत समजावत होतो. साडूंनी येऊन सांगितलं, "भैया, ये सामानकू वो सामानके उप्पर लगाव, सामान मत छोडो!" तासाभरात फरशी हवी तशी बसली, वर मिस्त्री त्यांच्याबरोबर चहा पिऊन गेला.

मला त्यांचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, अन्न गोड लागू नये इतका वाटतो.

मिरजेच्या दवाखान्यात आम्ही दोघं एका नातेवाइकाला भेटायला गेलो होतो. बाकावर शेजारी सीमेपलीकडचा एक म्हातारा बसला होता. मी तेव्हा नुकतं कानडी शिकायला घेतलेलं. मनातल्या मनात वाक्य जुळवून, प्रत्यय तपासून मी विचारलं, "अज्जा, निम्मदु ऊट आयिता?" म्हणजे जेवण झालं का. म्हातारा अदबीनं म्हणाला, "मला मराठी येतंय की, साहेब." तेवढ्यात साडू आले आणि त्यांनी विचारलं, "काय अज्जा, ऊट-बीट झालं का न्हाई?" त्यावर म्हाताऱ्यानं फडकं सोडलं, भाकरीचा चतकोर त्यांच्या हातावर ठेवला आणि दोघं कानडीत की कशात देव जाणे, अर्धा तास बोलत बसले. मला भाकरी कुणी विचारली नाही.

परतताना मी त्यांना म्हटलं, "अहो, निदान नेमका शब्द तरी शोधावा माणसानं." तर म्हणतात, "पावणं, शब्द म्हंजे पायताण. आपलंच घावंपतूर दारात उभं ऱ्हायचं व्हय? घावंल त्ये घालायचं आन निघायचं!"

मी कानडी शिकत होतो ते नातीसाठी. मुलगा हुबळीला नोकरीला, सून तिकडचीच, आणि चार वर्षांची सान्वी दिवसभर आजोळच्या माणसांत. तिला मराठी यायचं ते 'आजी' आणि 'आंबा' एवढंच. सुट्टीत ती आमच्याकडे विश्रामबागेत राहायला येणार, तर तिनं माझ्या मांडीवर बसावं, माझ्याशी बोलावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मी मोबाइलवर धडे घेतले, आरशासमोर उच्चार घोटले. ती आली तेव्हा मी बिनचूक म्हणालो, "इल्ली बा, मगु." इकडे ये, बाळ. ती आईच्या मागे लपली. साडू मुद्दाम कवठ्याहून आले होते. त्यांनी पायरीवरूनच हाळी दिली, "इली बा, इली बा!" आता 'इल्ली' म्हणजे इकडे, आणि 'इली' म्हणजे उंदीर. पोरगी हसून हसून लोळायला लागली. मग कमरेवर हात ठेवून त्यांच्यापुढे उभी राहिली आणि त्यांना 'ल्ली' म्हणायला शिकवू लागली. साडूंना ते सुट्टीभर आलं नाही. सुट्टीभर ती त्यांच्या मांडीवर होती. माझं काहीच चुकत नव्हतं, त्यामुळे तिला माझ्यापाशी काही काम नव्हतं.

ती जायची वेळ जवळ आली तसा मी 'करमत नाही'ला कानडी शब्द शोधू लागलो. सून म्हणाली, "बेजार आगुत्ते म्हणा, बाबा." मला ते पटेना. आपल्याकडे बेजार म्हणजे जीव नकोसा झालेला. लेकराला निघताना असं कुणी म्हणतं का? मी दुसरा शब्द शोधत राहिलो.

गाडीत बॅगा ठेवून झाल्या. साडू सान्वीपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुज्याबिगार करमायचं न्हाई गं, बाय." पुढे त्यांना कुठल्याच भाषेतलं काही सुचेना. डोळे तेवढे भरले. पोरीनं माझ्याकडे बघितलं. "एनु?" काय म्हणाले?

मी सांगितलं, "नी इल्लदे इवरिगे बेजार आगुत्ते." तू नसलीस की यांना करमणार नाही.

तिला लगेच कळलं. तिनं साडूंच्या गळ्यात हात टाकले ते गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत सोडले नाहीत. मला तिनं काचेतून टाटा केला.

वाक्य माझं बिनचूक होतं. 'इवरिगे' म्हणजे यांना. त्याऐवजी 'नमगे' म्हटलं असतं तर ते 'आम्हाला' असं झालं असतं. तोही शब्द मला येत होता. बेजार बरोबर की चूक, या विचारात तेवढा निवडायचा राहून गेला.