वत्सलाअक्कांची सकाळची गाडी

आमच्या शेजारच्या वत्सलाअक्कांना अमळनेरला काडीचं काम नसायचं, तरी त्या रोज सकाळच्या एसटीने तिकडे जायच्या आणि त्याच गाडीने परत यायच्या. का, विचारलं की म्हणायच्या, "गाडी रिकामी गयी ना माय, ते बंद व्हई जाई." गाव हसायचं. सरकारची गाडी, ती कुठे जातेय!

मी धुळ्याहून सुट्टीला गावी गेले की चहाआधी त्यांचा प्रश्न यायचा, "तुमनाकडे बसमा माणसं बसतंस का?" मी सांगायचे, सगळे रिक्षाने जातात. अक्कांच्या जळगावच्या भाच्याने मोटारसायकल घेतली होती. त्यांची पिंपळनेरची बहीण सांगे, तिकडे जीपला मागे माणसं लोंबकळतात. शेजारच्या गावात साथ आल्याचं ऐकावं तशा अक्का हे ऐकायच्या. "आते आपला नंबर," म्हणायच्या.

काळजी स्वतःची नव्हती. त्यांची नात सुजाता त्याच गाडीने कॉलेजला जायची. "गाडी गयी की आधी पोरी घरमा बसतीन," हे अक्कांचं पालुपद. म्हणून त्यांनी जीपविरुद्ध आघाडीच उघडली. पारावर बसून उलटलेल्या जीपच्या अशा गोष्टी रंगवायच्या, की ऐकणाऱ्याचा घास अडकावा. निम्म्या त्यांनीच रचलेल्या, हे मला ठाऊक होतं.

लोक घाबरले खरे, पण बसमध्ये चढले नाहीत. त्यांनी मोटारसायकली घेतल्या. पुढे अक्कांचा खुबा मोडला, त्या अंथरुणाला खिळल्या, आणि दिवाळीनंतर गाडी बंद झाली.

त्यांचा मुलगा प्रकाश माझ्यासमोरच म्हणाला, "सुजाता आते घरच राही." त्याची मोटारसायकल सकाळीच शेतावर जायची.

"जीपमा धाड तिले!" अक्का पडल्या पडल्या ओरडल्या.

"जीपमा?" प्रकाश म्हणाला. "तूच सांगे ना, जीपमा बसनं म्हंजे मरन शे?"

त्या गोष्टी खोट्या होत्या असं अक्कांनी शपथेवर सांगितलं. प्रकाशला वाटलं, म्हातारी नातीच्या मायेने आता खोटं बोलतेय. मला अक्कांचा राग आला आणि कीवही आली.

चैत्रात सुजाताला बघायला पाहुणे आले. अक्का काठी टेकत उठल्या, साडी मीच नेसवीन म्हणाल्या. निऱ्या काही केल्या जुळेनात. दोनदा सुटल्या. बाहेर पाहुण्यांच्या कपबश्या वाजत होत्या.

सुजाताने हळूच त्यांच्या हातातून निऱ्या घेतल्या.

"राहू दे आजी," ती म्हणाली, "मी करस."