विचारून बांधलेलं घर

माझ्या आतोबांनी कुणाच्याही परवानगीवाचून आयुष्यात एकच गोष्ट केली असावी, ती म्हणजे जन्म घेणं. आणि त्याबद्दलही ते मनातून थोडे ओशाळलेलेच असत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. भिवंडीत एका सेठच्या कारखान्यात ते लूम दुरुस्त करत, आणि कारखान्याच्या मागच्या भिंतीला चिकटलेल्या एका खोलीत आत्या आणि ते राहत. सत्तरच्या दशकात मला भिवंडीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मीही त्या खोलीत माझी ट्रंक नेऊन ठेवली. पहिल्याच संध्याकाळी दाराबाहेर कुणीतरी हळूच विचारलं, "येऊ का?" मला वाटलं शेजारी असतील. आत्या चुलीवरून मान न वळवता म्हणाली, "घर तुमचंच हाय, या." आणि आतोबा आत आले, स्वतःच्या घरात, चपला हातात घेऊन.

हे रोजचंच होतं. आत्याने दार बंद केलेलं नसे, पडदासुद्धा नव्हता, तरी माणूस उंबऱ्याबाहेर उभा. आत्याला यायला उशीर झाला आणि घरात कुणी नसलं तर ते बाहेरच्या दगडावर बसून राहत. शेवग्याची शेंग तोडायची तर आधी झाडाला विचारणं, खुर्चीवर मांजर असेल तर मांजराला विचारणं आणि तिने नकार दिला तर उभ्याने चहा पिणं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कारखान्यात लूम बंद करण्याआधी ते लाकडावर हात ठेवून "थांबवू का गं?" म्हणत. बाजूच्या लूमवरचा आझमगडचा कारागीर त्यांची फिरकी घ्यायचा, "चाचा, मशीन ने क्या बोला?" आतोबा गंभीरपणे सांगत, "बोली, दो मिनट रुको." आणि खरोखर दोन मिनटं थांबत. सेठने एकदा खूश होऊन पगार वाढवायचं काढलं, तर यांनी उत्तर दिलं, "इचारून सांगतो." कुणाला विचारणार होते ते सेठला शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटतं, आतोबांनाही नक्की ठाऊक नसावं.

अशा माणसावर एक अख्खी इमारत पाडायची पाळी आली, तिची ही गोष्ट.

त्या खोलीत हवा म्हणून जे काही होतं त्यात निम्मा कापूस असायचा. भातावर तंतू, डाळीत तंतू, उशीवर तंतू. भिंतीपलीकडे दोन्ही शिफ्टचा खडखडाट, त्यामुळे आम्ही तिघं प्रेमाचं बोलणंसुद्धा भांडल्यासारखं ओरडून बोलत असू. आत्याला खोकला लागला होता. आधी सकाळचा, मग रात्रीचाही. डॉक्टरांनी आतोबांना बाजूला घेऊन सांगितलं की औषधं मी देतो, पण बाईंना या हवेतून बाहेर काढा, आणखी एक पावसाळा इथे नको. आतोबांनी मान हलवली. त्या दिवशी घरी आल्यावर "येऊ का?" विचारताना त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की आत्याला ऐकूच आला नाही.

खारबावच्या पुढे त्यांचं गाव. गावाच्या टोकाला एक पडका हॉल होता, त्याला सगळे फादरचा हॉल म्हणत. पूर्वी तिथे चारदोन ख्रिस्ती घरं होती. त्यांच्यासाठी चर्च बांधायचं ठरलं, आधी हॉल झाला, आणि चर्च राहूनच गेलं. प्रार्थना हॉलमध्ये, लग्नं हॉलमध्ये, नाताळला अख्ख्या गावाचं जेवणही हॉलमध्ये. मग ती घरं एकेक करून वसईला, मुंबईला गेली. फादर येईनासे झाले, भिंतीवरचा क्रूस शेवटचं कुटुंब बरोबर घेऊन गेलं, आणि एका वादळात निम्मे पत्रे शेतात जाऊन पडले. मिशनने ती जागा विकायला काढली. आतोबांनी गाठीला होतं ते सगळं घालून ती घेतली. हॉल पाडून तिथे आत्यासाठी घर बांधायचं, चैत्रात सुरुवात, पावसाच्या आत छप्पर. आत्याने त्या दिवशी गोड शिरा केला, त्यातही तंतू होतेच.

आणि मग विचारणं सुरू झालं.

गावदेवीला विचारलं, पोलीसपाटलांना विचारलं, बांधाला बांध असलेल्या प्रत्येकाला विचारलं. डोंगरपाड्यावरची एक वारली म्हातारी दुपारच्या उन्हात आपल्या शेळ्या हॉलमध्ये बसवायची. तिच्याकडे गेले तर ती म्हणाली, "मी कुठं बसतंय तिथं? शेळ्यांना इचार." तिने थट्टा केली होती. आतोबांनी शेळ्यांना विचारलं. तुळईवर एक घुबड होतं, त्याला दिवसा त्रास नको म्हणून संध्याकाळपर्यंत थांबून विचारलं. घुबडाने मान पूर्ण मागे फिरवली, आणि हा होकार की नकार यावर आमच्या घरी ओरडून ओरडून चर्चा झाली. तोवर चैत्र संपला, वैशाख संपला, आणि आत्याने तो पावसाळाही त्याच खोलीत काढला. मला तेव्हा आतोबांचा राग यायचा. शेळ्यांना विचारायला वेळ आहे आणि बायको रात्रभर बसून खोकते, असं मी एकदा बोलूनही गेले. त्यावर आत्यानेच मला दटावलं.

पाऊस ओसरल्यावर आतोबा मला बरोबर घेऊन वसईच्या एस.टी.त बसले. शेवटच्या ख्रिस्ती कुटुंबातली रोजाबाय तिथे मुलीकडे राहत होती. याच हॉलमध्ये तिचं लग्न झालेलं, आणि नाताळच्या पंगतीत गावच्या पोरांना वाढायची तीच. तिने आतोबांना पाहिलं आणि मला म्हणाली, "हा बारका होता नं, तवापासून असाच. सगळी पोरं जेवाया धावायची, हा पायरीवं उभा. हाक मारल्याबिगर आत न्हाय यायचा."

आतोबांनी हॉलचं सांगितलं. रोजाबाय म्हणाली, "मना कं इचारतंस? मिशननी कागद दिला नं?"

"मिशननी दिला. जागेनं न्हाय दिला अजून."

ती हसली नाही, हे मला फार आवडलं. हातातली माळ चाळवत म्हणाली, "मग तुमच्या देवाला इचारता तसं इचार. माझा देव काय परका हाय? त्याला समजंल."

आमच्याकडे देवीला विचारायची रीत म्हणजे कौल लावणं. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीला एक उजवीकडे, एक डावीकडे चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. आतोबांनी हॉलच्या भिंतीवर, जिथे क्रूसाची पांढरी खूण राहिली होती, तिच्या दोन बाजूंना जास्वंदीच्या दोन पाकळ्या लावल्या. मेणबत्तीही लावली, कारण समोरच्याची रीत आपण पाळली पाहिजे. गाऱ्हाणं घातलं, "बाबा, तू हितं राहिलास. आता माझी बायको राहील म्हनतो. तुझं मन असंल तर सांग." आणि बसले.

देवीची मूर्ती गुळगुळीत काळ्या दगडाची, तिच्यावरून पाकळी घटकाभरात घसरते. ही भिंत चुन्याची, तिने पत्र्याविना अख्खा पावसाळा प्यायलेला. पाकळ्या तिला अशा बसल्या की खळ लावून डकवल्यासारख्या. त्या दिवशी पडल्या नाहीत, दुसऱ्या रविवारी पडल्या नाहीत. भिंत वाळली तशा त्याही भिंतीतच वाळून गेल्या. मी आतोबांना हे समजावून सांगायला गेले. ते म्हणाले, "मोठा निर्णय हाय. त्याला इचार करू दे." दर रविवारी जाऊन ते भिंतीसमोर बसत, आणि आत्या माझ्याकडे न बघता विचारी, "पडली का गं?" मी नाही म्हणे. थंडी आली आणि तिचा खोकला छातीत उतरला.

शेवटी एका रविवारी आत्याच उठली. डबा भरला आणि मला म्हणाली, "चल, मी पन बघतंय." एस.टी.तून उतरून हॉलपर्यंत यायला तिला तीनदा बसावं लागलं. आतोबा बाहेर शेळ्यांजवळ होते. आत्या आत गेली, भिंतीसमोर उभी राहिली, दोन्ही पाकळ्या नीट पाहिल्या. क्रूसाच्या खुणेला हात जोडले. मग उजव्या पाकळीच्या कडेखाली नख घातलं आणि जखमेची खपली काढावी तशी ती सोडवली. पाकळी जमिनीवर पडली. "अहो," तिने हाक मारली, "या बघाया. पडली."

आतोबा पायरीपाशी थांबले. "येऊ का?"

"या."

त्यांनी पाकळी पाहिली, भिंत पाहिली. मग आत्याचा हात पाहिला. नखाखाली चुना होता, पांढरा, ओला दिसावा इतका ताजा. ते जवळ आले, खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाने तिचं ते नख हळूहळू पुसलं आणि म्हणाले, "उजवीच पडली." मग म्हणाले, "सगळ्या गावाला इचारलं. तुलाच इचारायचं ऱ्हायलं." आत्याने काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तिला खोकल्याची उबळ आली, आणि ती ओसरेपर्यंत ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. या माणसावर मी वर्षभर रागावले होते, तो राग तिथे संपला.

दुसऱ्या दिवसापासून काम लागलं. पहिला घाव आतोबांनी घातला नाहीच, ते पाठ फिरवून उभे राहिले. पण हॉलचा एक दगड त्यांनी वाया जाऊ दिला नाही. तेच दगड जोत्याला, तेच भिंतींना. समोरची पायरी तर जागची हलवलीही नाही, घरच तिच्यापर्यंत आणलं. तीन खोल्या, एक ओटी, वर नवे पत्रे. तुळईवरच्या घुबडासाठी मागच्या आंब्यावर एक खोकं बांधलं, त्यात ते कधी आलं नाही. पावसाच्या आत छप्पर झालं. आत्या आणि आतोबा तिथे राहायला गेले, मी सुट्टीला जाई, आणि महिन्याभरात आम्ही तिघं हळू आवाजात बोलायला शिकलो. खोकला पूर्ण गेला नाही, पण रात्री तिला झोप लागू लागली.

वास्तुशांतीला रोजाबायला बोलावणं होतं. जेवणाची पानं मांडली तरी ती दिसेना म्हणून आतोबा ओटीवर आले, तर ती पायरीवर उभी. म्हातारपणाने वाकलेली, डोक्यावर पदर घेतलेली. नव्या भिंतींतले जुने दगड तिने ओळखले असावेत, कारण ती नुसती बघत होती. मग आतोबांकडे पाहून म्हणाली, "येऊ कं रं?"

जन्मभर हा प्रश्न विचारलेल्या माणसाला त्याचं उत्तर देता येईना. ते ओटीवरून उतरले, चपला काढल्या आणि तिच्या शेजारी पायरीवर जाऊन उभे राहिले. दोघंही बाहेर, दार उघडं. आतून, चुलीवरून मान न वळवता, आत्या म्हणाली, "घर तुमचंच हाय, या."

दोघं बरोबरच आत आले. रोजाबाय जेवताना रडली, आणि आतोबा तिला वाढत होते.

आता त्यांच्यातलं कुणी नाही. आत्या गेल्यावरही आतोबा त्या पायरीवर उभे राहून विचारत आणि कुणी काही म्हणेपर्यंत बाहेरच थांबत; मी सुट्टीत तिथे असले की आत्यासारखं उत्तर द्यायचे. घर त्यांनी माझ्या नावावर केलं, अर्थात मला विचारून. ते बहुतेक बंदच असतं, रंग निम्मा उडालेला, पूर्वीच्या हॉलसारखंच ओस. मागे काल्हेरचा एक दलाल आला. त्याला तिथे गोडाऊन हवं होतं. मी म्हटलं, "विचारून सांगते."

"मालकीण तर तुम्हीच ना, बाई? मग विचारणार कुणाला?"

त्याची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मी तिथेच उभी होते. मग पायरीवर चढले, चपला काढल्या, "येऊ का?" म्हटलं, आणि थोडं थांबून कुलूप काढलं.